दक्षिणेकडची खिडकी परत बसवा : आपल्या देवळाच्या पंचमंडळास खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि पंचमंडळातील सर्व बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर संडे स्कूलच्या खोलीमागच्या गोदामाचे दार उघडे दिसले म्हणून मी आत डोकावले. मोडक्या बाकांच्या आणि नाताळच्या ताऱ्यांच्या सांगाड्यांच्या मधल्या जागेत, जमिनीवर, रंगीत काचेच्या सहा चौकटी एकावर एक आडव्या रचलेल्या होत्या आणि सगळ्यांत वरच्या चौकटीवर सिमेंटची अर्धी गोणी ठेवलेली होती. गोणी बाजूला सरकवली तेव्हा खाली याईराच्या मुलीचा, म्हणजे बायबलमधल्या ज्या मृत मुलीला प्रभू येशूने हात धरून उठवले तिचा, हात दिसला. प्रभूच्या हातात दिलेला, मनगटाशी किंचित वाकलेला तो हात मी साठ वर्षे पाहत आले आहे. आता त्याच्यावरून कोपरापासून करंगळीपर्यंत एक तडा गेला आहे.

दक्षिणेकडची ही खिडकी ईस्टरनंतरच्या आठवड्यात काढली गेली. मंडळीला ते कळले, ते उघड्या पडलेल्या जागेवर गेल्या वर्षीच्या प्रार्थनासभेचा फ्लेक्स ठोकलेला दिसला तेव्हा. त्यानंतर सूचनाफलकावर अर्ध्या पानाचे निवेदन लागले. उरलेल्या सर्व खिडक्या, वेदीमागच्या तीन कमानींच्या मोठ्या खिडकीसह, पावसाळ्याआधी उतरवायच्या. त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या. वेदीमागे छापील चित्राची फिल्म चिकटवलेली काच लावायची. देवळात एसी बसवायचे. आणि ‘जुने काच व शिसे साहित्य योग्य दरात निकाली काढायचे’, असा ठराव झाल्याचे त्यात म्हटले आहे. या ठरावाला माझा विरोध आहे. मी दोन वेळा लेखी कळवले, दोन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा या खिडक्यांशी संबंध काय, हे आधी सांगते. माझे आजोबा या देवळाचे सेवक होते. घंटा वाजवणे, दिवे लावणे, बाक पुसणे ही कामे त्यांची. खिडक्यांना त्यांनी कधी कुणाला ओले फडके लावू दिले नाही. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, ते बाहेरून मऊ कुंचल्याने धूळ झटकायचे, आणि आतल्या बाजूला हातसुद्धा लावायचे नाहीत. ‘चित्र आतून काढलेलं आहे, बोटानं निघतं,’ असे ते सांगत. काचेच्या चौकटी ज्या तांब्याच्या तारांनी आडव्या सळयांना बांधलेल्या असतात त्या तारा सैल झाल्या की ते तांबट लेनमधून नवी तार आणून स्वतः पीळ देत. मी पुढे ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, आणि आजोबांना अनुभवाने जे ठाऊक होते त्याची कारणे मला तेव्हा कळली.

माझ्या आईला या देवळात शेवटचे आणले ते जानेवारीत. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सकाळच्या वेळी याईराच्या मुलीच्या खिडकीतून ऊन थेट आत येते. पाळकसाहेब वचन वाचत असताना पेटीवरच्या पांढऱ्या चादरीवर निळ्या रंगाचा एक डाग होता, आणि वाचन संपेपर्यंत तो आईच्या पायांकडून छातीपर्यंत सरकत आला. त्या दिवशीचे मला फारसे काही आठवत नाही, तेवढे आठवते. या मंडळीतल्या अनेक घरांची अशीच काहीतरी आठवण असणार. कुणाची बाप्तिस्म्याची असेल, कुणाची लग्नाची. त्यांपैकी एकालाही विचारल्याशिवाय खिडकी उतरवली गेली, ही माझी पहिली तक्रार आहे. पंचमंडळ मंडळीने निवडलेले आहे आणि देवळाची व्यवस्था पाहण्याचा अधिकार त्याला आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू कायमची काढून टाकणे हे व्यवस्था पाहण्यापलीकडचे काम आहे. त्यासाठी मंडळीची सभा बोलवायला हवी होती.

दुसरी तक्रार खिडकी कशी उतरवली याची आहे. अशी खिडकी म्हणजे शेकडो काचतुकड्यांची गोधडी असते. प्रत्येक तुकड्याच्या कडेला शिशाची खाच असलेली पट्टी, पट्ट्यांच्या सांध्यांवर डाक (वितळवलेल्या कथील-शिशाचा जोड), आणि काच व शिसे यांच्यामधल्या फटीत जवसाचे तेल व खडूची पूड मिसळून केलेली लुकण. शिसे मऊ असते, म्हणून चौकट आडवी ठेवली की आपल्याच वजनाने ती वाकते आणि काचा तडकतात. तिला कायम उभे, कडेवर, मध्ये मऊ अस्तर घालून ठेवायचे असते. उतरवण्याआधी प्रत्येक चौकटीचा पूर्ण मापाचा कागदी ठसा घ्यायचा, फोटो काढायचे आणि क्रमांक टाकायचे असतात. आपल्या गोदामातल्या एकाही चौकटीवर क्रमांक नाही. छिन्नीने कडा उचकटल्याच्या खुणा मात्र चारही बाजूंना आहेत. खिडकीखाली असलेली लहान पितळी पाटी, जिच्यावर ही खिडकी ज्या बाळाच्या स्मरणार्थ दिली गेली त्याचे नाव होते, ती मला कुठेच सापडली नाही. ती कुणाकडे असेल तर कृपया सांगावे.

तिसरी गोष्ट लिहिताना मला फार त्रास होतो. गेल्या नाताळच्या आधी साफसफाईचे जे काम दिले होते, त्यात वेदीमागच्या खिडकीचा खालचा भाग फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडने आणि तारेच्या घासणीने धुतला गेला. काच चकाकली, म्हणून तेव्हा कौतुकही झाले. आता डाव्या कमानीजवळ जाऊन पाहा. लेकरांना आशीर्वाद देणाऱ्या प्रभूच्या गुडघ्याशी जे मूल उभे आहे त्याला चेहरा राहिलेला नाही. केसांची काळी कड आहे, सदऱ्याची चुणी आहे, आणि मध्ये कोरी गुलाबीसर काच. डोळे, नाक, ओठ या रेषा रंगीत काचेच्या नसतात. लोह किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची बारीक पूड यांच्या मिश्रणाने त्या आतल्या पृष्ठभागावर काढून भट्टीत, साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला, भाजलेल्या असतात. भाजणी कुठे कमी पडली असेल किंवा वर्षांनुवर्षे ओल धरली असेल, तर ही रेषा अगदी नाजूक होते. एका सकाळीत गेलेला तो चेहरा आता परत येणार नाही. काम करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. दोष विचार न करता काम देणाऱ्यांचा आहे, आणि मीही त्या दिवशी देवळात आले नव्हते याचे मला वाईट वाटते.

आता ठरावामागच्या कारणांकडे वळते.

खिडक्या ‘जीर्ण होऊन बाहेर फुगल्या आहेत’ हे खरे आहे. उत्तरेकडच्या दोन खिडक्यांवर तळहात ठेवला तर फुगवटा हाताला लागतो, आणि रस्त्यावरून जड ट्रक गेला की काचा शिशात खडखडतात. नाशिकची हवा याला कारणीभूत आहे. थंडीत पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळीसच्या आसपास जातो. शिसे या फरकाने दर वर्षी ताणते आणि आखडते, लुकण वाळून गळते, सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त जागा घेतो, म्हणून सळई जिथे दगडात शिरते तिथे दगडाचे टवके उडालेले दिसतात. पण यात थकते ते शिसे. शिशाचे आयुष्य साधारण शंभर ते दीडशे वर्षे धरतात आणि त्यानंतर जाणकाराकडून जुनी काच सोडवून नव्या शिशात पुन्हा बसवून घेतात. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या कथीड्रलमधली पूर्वेची मोठी खिडकी १४०५ ते १४०८ या काळात घडवलेली आहे. तिचे शिसे बदलले गेले, काच आजही तीच आहे. ठरावाच्या चर्चेत ‘काच ओघळून खाली जाड झाली आहे, तिचे वय झाले’ असेही कुणी म्हणाल्याचे ऐकले. शिक्षिका म्हणून हे दुरुस्त करणे मला भाग आहे. नेहमीच्या तापमानाला काच ओघळत नाही. जुनी काच हाताने घडवलेली, म्हणून तिची जाडी मुळातच असमान असते, आणि तिच्यातून येणारा प्रकाश जिवंत वाटतो तो त्यामुळेच.

दुसरे कारण उकाड्याचे दिले आहे. उकाडा होतो, हे मी नाकारत नाही. मीही घामाघूम होते, आणि आपल्यातल्या वयस्कर सभासदांचे हाल होतात. परंतु दक्षिणेकडच्या खिडकीला त्याचा दोष देणे भूगोलाला धरून नाही. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्या जवळजवळ माथ्यावर असतो आणि महिनाअखेरीस तर तो किंचित उत्तरेकडे जातो. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन येतच नाही. मग उकाडा कशाने होतो? प्रत्येक खिडकीच्या खालच्या भागात आतल्या बाजूला कलणारी एक झडप आहे, हवा यावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली आहे. मागच्या रंगकामात या सगळ्या झडपा ऑइलपेंटने चिकटून बसल्या. छपराच्या आढ्याजवळचे झरोके पारव्यांचा त्रास होतो म्हणून प्लायवूडने बंद केले आहेत. खालून हवा यायची नाही आणि वरून तापलेली हवा जायची नाही, अशी व्यवस्था आपण स्वतः केली आहे. झडपा मोकळ्या करून झरोक्यांना जाळी लावायला एक सुतार आणि एक रंगारी पुरे. ते करून एक उन्हाळा पाहावा आणि मग एसीचा विचार करावा.

संरक्षणाच्या नावाखाली उत्तरेकडच्या खिडक्यांवर बाहेरून जे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, पत्रे ठोकले आहेत त्यांचाही इथे उल्लेख करते. पत्रा चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद केला आहे. आतली ओल अडकते, पावसाळ्यात काचेवर पाण्याचे थेंब धरतात आणि खालच्या कडेला शेवाळ आले आहे. उन्हाने पत्रा पिवळा पडला, तो वेगळाच. बाहेरून आवरण असावे, पण त्याच्या आणि काचेच्या मध्ये वर-खाली हवा खेळती राहिली पाहिजे, हे जगभरातले काचचित्रांचे जतन करणारे लोक सांगतात. जुन्या काचचित्रांच्या अभ्यासासाठी १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉर्पस व्हिट्रेआरम’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची जतनासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २००४ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली आहेत. निर्णय घेण्यापूर्वी पंचांनी ती एकदा वाचावीत, ही विनंती.

छापील फिल्मच्या काचेबद्दल एवढेच म्हणते की तिचा रंग वर चिकटवलेला असतो आणि नाशिकच्या उन्हात काही वर्षांत तो उडतो. आपल्या खिडक्यांतला निळा रंग कोबाल्टचा आहे, जांभळा मँगनीजचा, आणि तो काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेला आहे. प्रभूच्या मस्तकाभोवतीचे पिवळे तेज चांदीच्या संयुगाने आणलेले आहे, भट्टीत चांदी काचेच्या अंगात शिरते. त्याला उडायला जागाच नाही. मी हे वर्गात कोबाल्टची निळी काच दाखवून शिकवत असे आणि पुढच्या रविवारी मुलांना देवळात आणून खिडकी दाखवत असे. त्यांत ख्रिस्ती मुले थोडी असायची आणि बाकीची पंचवटीतली, गंगापूर रोडवरची. सगळी तोंड उघडे टाकून बघत राहायची.

‘या साहेबांच्या खिडक्या, आपल्याला त्यांचे काय’ असे एका ज्येष्ठ पंचांनी म्हटल्याचे मला कळले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून मी याचे उत्तर मनापासून देते. नाशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेचे काम १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचे संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीसोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेला. इथून जवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचा शेवट १९३६ मध्ये याच शहरात झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपण आजही पेटीवर म्हणतो. हा सगळा आपला इतिहास आहे. खिडक्या साहेबाच्या काळात आल्या, पण साहेब जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून त्यांच्याखाली बसून मराठीत प्रार्थना केली ती आपल्या आजी-आजोबांनी आणि आईवडिलांनी. माझ्या आजोबांनी पीळ दिलेल्या तारा अजून त्या सळयांवर आहेत. त्या मी कुणाच्या म्हणू?

पैशाचा प्रश्न खजिनदारांनी मांडला आहे, तो रास्त आहे. सगळ्या खिडक्यांचे काम एकदम करणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे हे मलाही दिसते. पण ते एकदम करावेच लागत नाही. एका वर्षी एक खिडकी, सगळ्यांत वाईट अवस्थेतली आधी, असे हे काम करता येते. हे काम आपल्या राज्यात झालेले आहे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या आणि ग्रंथालयाच्या इमारतीचे जतनकाम २०१५ मध्ये पुरे झाले, त्यात रंगीत काचांचाही समावेश होता. मुंबईच्याच सेंट थॉमस कथीड्रलच्या जतनकामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काम जाणणारी माणसे रेल्वेने चार तासांच्या अंतरावर आहेत. त्यांपैकी कुणाचे मत आपण मागवले का? निवेदनात ज्याचे दरपत्रक जोडले आहे तो अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा ठेकेदार आहे, आणि खिडक्या दुरुस्त होण्यासारख्या नाहीत हा निर्वाळाही त्याचाच आहे.

‘निकाली काढणे’ या शब्दांबद्दल कायद्याची एक गोष्ट लक्षात आणून देते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये पुरावशेषाची जी व्याख्या आहे, तिच्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून सुटी केलेली वस्तूही येते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो. जुन्या काचचित्रांना गिऱ्हाईक असते. भंगारवाल्याकडे किलोने गेलेली चौकट पुढे कुठे जाईल हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि त्याची जबाबदारी विश्वस्त म्हणून आपल्या सह्यांवर येईल. आपल्यावर तशी वेळ यावी असे मला अजिबात वाटत नाही. आपल्यापैकी निम्मे जण माझ्या डोळ्यांसमोर वाढले आहेत, दोघे तर माझे विद्यार्थी आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

उरलेल्या खिडक्यांना हात लावण्याचे काम आजपासून थांबवावे आणि ठेकेदाराला तसे लेखी कळवावे. गोदामातल्या सहा चौकटी या आठवड्यात उचलून कोरड्या खोलीत लाकडी घडवंचीवर उभ्या ठेवाव्यात, त्यांचे क्रमांकासह फोटो काढावेत आणि गोदामाच्या जमिनीवर पडलेले काचेचे तुकडे, अगदी बोटाच्या पेराएवढेसुद्धा, न झाडता डब्यात गोळा करावेत. घडवंची करून देण्याचा खर्च मी देईन, आणि तुकडे वेचायला मी स्वतः येईन. काहीही विकले गेले असल्यास काय, किती आणि कुणाला, हे मंडळीला सांगावे. दक्षिणेच्या उघड्या जागेवर मृगाच्या आत फ्लेक्सऐवजी साधी काच असलेली तात्पुरती लाकडी चौकट बसवावी, नाहीतर आतला चुना आणि बाक पहिल्याच पावसात खराब होतील. उत्तरेकडच्या पत्र्यांचे वरचे आणि खालचे सिलिकॉन कापून हवेला वाट करून द्यावी. काचचित्रांच्या जतनाचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडून सर्व खिडक्यांची पाहणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल मंडळीसमोर वाचावा. तोवर कुणीही खिडक्या धुऊ नयेत, साध्या पाण्यानेही नाही. आणि या सगळ्यावर निर्णय घेण्यासाठी मंडळीची विशेष सभा येत्या चार रविवारांच्या आत बोलवावी.

सभेत मंडळीने वेगळा निर्णय घेतला तर मी तो ऐकून घेईन. तोपर्यंत दर रविवारी उपासनेनंतर मी गोदामाच्या दाराशी थांबणार आहे. कुलपाची किल्ली सचिवांकडे आहे. ज्यांना याईराच्या मुलीचा हात आणि त्यावरचा तडा पाहायचा असेल त्यांना सचिवांनी दार उघडून द्यावे.

आपली,
मंडळीतील एक जुनी सभासद आणि निवृत्त शिक्षिका
नाशिक